खुणांमागची मराठी

पाटबंधारे खात्यात मी कालवा निरीक्षक होतो. तीसेक वर्षं पाण्याच्या कडेनं चालण्यात गेली. आधी सायकलवरून, मग मोटारसायकलवरून, आणि जिथं दोन्ही जात नाहीत तिथं पायी. कुठल्या गावाला पाणी पोचलं, कुठल्या चारीचं, म्हणजे पोटकालव्याचं, दार गंजलं, हे लिहायला मी एक वही बाळगायचो. तिच्या मागच्या पानांवर मी शब्द लिहायला लागलो.

मी सांगलीत वाढलेला, शेतीचा गंध नसलेला माणूस. नोकरीला महिनाही झाला नव्हता तेव्हा पलूसजवळ एका उसाच्या फडाशेजारी एक वयस्कर शेतकरी पांढुरक्या, पचपचीत जमिनीत उभे दिसले. मी विचारलं, "इथं काही लावत नाही का?" ते म्हणाले, "चिबड हाय हे. पाणी लय मुरलं की रान चिबडतं. मग त्ये माणसाचं ऐकत न्हाई." कागदोपत्री आम्ही त्याला पाणथळ क्षेत्र म्हणायचो. त्या दिवशी मी वही उलटी धरली आणि मागच्या पानावर लिहिलं, चिबड. त्यापुढे शब्द साठत गेले. पाण्याचे, मातीचे, बांधांचे, मोटेचे. निवृत्त झालो तेव्हा अशा सतरा वह्या होत्या.

मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि तिचा कॉम्प्युटर घरी राहिला. टायपिंगच्या क्लासमधल्या एका गृहस्थांनी त्यात मराठी फॉन्ट घालून दिला आणि मी टायपिंग शिकलो. दुपारी चहा झाला की बायको वहीतून एकेक शब्द वाचायची, मी दोन बोटांनी उतरवायचो. माझं अक्षर तिलाच लागायचं. कधीकधी ती म्हणायची, "अहो, हा अर्थ पटत नाही," आणि आमचा अर्धा तास त्यात जायचा. हे काम सहा-सात वर्षं चाललं.

मग एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. गॅसची टाकी, धान्याचे डबे, कॉम्प्युटर, आम्ही मिळेल ते वरच्या मजल्यावर नेलं. वह्यांची ट्रंक पलंगाखाली होती, ती दोघांच्याही लक्षात आली नाही. दहा दिवसांनी खाली आलो तेव्हा सतरा वह्यांचा एकच निळसर लगदा झाला होता. बायको त्याच्याकडे बघत पायरीवर बसली. मी म्हणालो, "सगळं मशीनमध्ये आहे." मुलीनं तेव्हाच फोनवर सांगितलं, बाबा, त्याची एक कॉपी काढून ठेवा. मी हो म्हणालो आणि विसरलो.

गेल्या वर्षी एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. पेटीतून घरघर यायची, थांबायची, पुन्हा यायची. पडदा काळाच. मी मशीन रिक्षात घालून बाजारातल्या एका दुकानात नेलं. दुकानदारानं दोनदा बटण दाबलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "काका, डिस्क संपली. नवीन मशीन घ्या." मी विचारलं, आतलं लिखाण? तो सौम्यपणे म्हणाला, "ते विसरायचं." चांगला माणूस होता, पण त्याच्या मागे दहा गिऱ्हाइकं उभी होती.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. त्या दुपारी चहा झाल्यावर ती सवयीनं माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसली आणि मग उठून गेली. ते मला फार लागलं.

सकाळी घाटावर फिरायला येणारे एक गृहस्थ आहेत, साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सांगितल्यावर त्यांनी मला फोनवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. सातारा-सांगलीकडची चाळीस-पन्नास माणसं त्यात होती. शिक्षक, दातांचे डॉक्टर, शेतकरी. पोटासाठी नव्हे, आवडीपोटी कॉम्प्युटरच्या मागे लागलेली. कुणी अडचण टाकली की ज्याला ठाऊक असेल तो उत्तर देत होता. मी माझी हकीकत जशी घडली तशी लांबलचक लिहिली. वह्या, पूर, घरघर, सगळं.

तासाभरात उत्तर आलं. औंधकडच्या एका गावातले निवृत्त सुभेदार होते. त्यांनी एवढंच लिहिलं होतं, "येकदा चालू करून आवाज रेकॉर्ड करा. पाठवा. मग हात लावू नका."

मी फोन पेटीला टेकवून आवाज पाठवला. थोड्या वेळानं त्यांचा फोनच आला.

"सायेब, टकटक न्हाई, ही चांगली गोष्ट हाय. आतलं चाक फिरतंय. वाचायला जातंय आन अडकतंय. डिस्क जित्ती हाय, पर आजारी हाय. आता बटण दाबू नका. किती बी वाटलं तरी दाबू नका."

"तुम्हाला नुसत्या आवाजावरून कळलं?"

"फौजेत सिग्नलला व्हतो. निम्मी नोकरी कानावर केली." मग म्हणाले, "पेटी नको. डिस्क तेवढी कुणाकडनं तरी काढून घ्या, टॉवेलात गुंडाळा आन घेऊन या."

कारखान्याच्या त्या फिटरांनीच स्क्रू सोडून डिस्क काढून दिली. बायकोनं ती टॉवेलात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली आणि म्हणाली, "मीही येते. शब्द माझेही आहेत." आम्ही एसटीनं निघालो, विट्याला गाडी बदलली. डबा सगळा वेळ तिच्या मांडीवर होता.

सुभेदारांच्या घरामागे पूर्वीची वैरणीची खोली होती. दार उघडलं आणि आम्ही उंबऱ्यावरच थबकलो. भिंतीवर फळी, तिच्यावर प्रत्येक पेचकसाची जागा पेन्सिलीनं आखलेली. अंड्यांच्या ट्रेमध्ये सुट्या भागांच्या पुड्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. गावाकडं लाइटचा भरवसा नसतो म्हणून ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या इन्व्हर्टरला जोडलेल्या. देवघरात जावं तशी ती खोली लख्ख होती. उंच, वाळक्या अंगाचे सुभेदार आधी बाहेर जाऊन हात धुऊन आले, पुसले, आणि मगच त्यांनी बायकोच्या हातातून डबा घेतला.

डिस्क त्यांच्या मशीनला जोडून त्यांनी एक टेबलफॅन तिच्याकडे वळवला. पडद्यावर नुसते आकडे सरकायला लागले. मी म्हणालो, मला यातलं काही कळत नाही.

"कळंल की. सायेब, नांगरताना खडक लागला तर आपण काय करतो? तितंच फाळ मोडत बसतो का? वळसा घालतो, बाकीचं रान उरकतो. मागनं पहार घेऊन खडकाकडं येतो. ही डिस्क तशीच वाचायची. जितं अडंल तितं सोडायचं, फुडं जायचं. चांगलं तेवढं सगळं नव्या डिस्कवर आलं की मग अडलेल्या जागी परत. येकदा फुडनं जायचं, येकदा उलट्या बाजूनं. घाई केली तर मरंल ती."

"किती वेळ लागेल?"

"तिला लागंल तेवढा."

चार दिवस लागले. आम्ही सांगलीला परत आलो होतो. रोज सकाळी आणि संध्याकाळी ते पडद्याचा फोटो पाठवायचे आणि खाली एक ओळ. "आज निम्मं." "आज लाइट गेली, बॅटरीवर चालू हाय." "अडलेल्या भागात शिरलो." त्यांच्या घरून नंतर कळलं की त्या चार दिवसांत ते जेवायचं ताटही खोलीत मागवत होते. ना ओळख, ना नातं, आणि आमच्या शब्दांशी त्यांचा काय संबंध. मी असं काही कुणासाठी केलंय का, हा विचार माझ्या मनातून जात नव्हता.

पाचव्या दिवशी फोन आला. "रान निघालं, सायेब. चार-दोन वाफं गेलं, त्याला विलाज न्हाई. या."

आम्ही पुन्हा औंधच्या गाडीत बसलो. सुभेदारांच्या पडद्यावर फायली सगळ्या दिसत होत्या, मी दिलेल्या नावांसकट. मोट. माती. पाणी. सुभेदारांनी पहिली उघडली. पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टिंब दिलेली विचित्र अक्षरं, कंस, पौंडाच्या खुणा, उद्गारचिन्हं. पानंच्या पानं. कुणीतरी अक्षरं मुठीत घेऊन उधळल्यासारखी.

सुभेदारांनी बराच वेळ खटपट केली. शेवटी म्हणाले, "तुमचा जुना फॉन्ट नेमका गेलेल्या वाफ्यात हाय. हितनं फुडं माझी विद्या चालत न्हाई." मी मानेनंच बरं म्हणालो. बायको म्हणाली, "चार दिवस जागेवरून हलला नाहीत, तेच खूप झालं." पण ते ऐकून घेत नव्हते. त्यांनी फोन काढला.

"आष्ट्याला एक ताई हायत आपल्या ग्रुपात. मराठी टायपिंगचं अडलं की त्याच सांगत्यात."

त्यांनी पडद्याचा फोटो ताईंना पाठवला, फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. "थांबा हं, बघते," असा आवाज आला. आम्ही थांबलो.

मग ताई वाचायला लागल्या.

"थारोळं. मोटेचं पाणी जिथं ओततात तो दगडी हौद. इथून पाणी पाटाला लागतं." थोडं थांबून, "सोंदूर. मोटेच्या सोंडेला बांधलेला दोर. हा बारीक असतो, नाडा जाड असतो." वर्तमानपत्र वाचावं तसं, एका लयीत. "धाव. बैलांची जायची-यायची उतरती वाट. पुढं काहीतरी आहे, फोटोत कापलं गेलंय."

समोर तोच पौंडांच्या खुणांचा पसारा होता आणि त्यातून माझी वाक्यं, मी दुपारी बसून लिहिलेली, जशीच्या तशी बाहेर पडत होती. बायकोनं माझं मनगट धरलं होतं. सुभेदार हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलासारखे, फोनकडे बघत बसले होते.

"ताई," मी म्हणालो, "हे तुम्ही वाचता कसं?"

"आवं काका, त्यात काय. लग्नाआधीची धरून बारा वर्षं प्रेसमध्ये होते. ह्याच फॉन्टात लग्नपत्रिका लावायचे. मशीन जुनं, मधेच फॉन्ट उडायचा आन पडद्यावर हे असं यायचं. पत्रिका संध्याकाळपर्यंत द्यायची असायची. मग तसंच वाचून चुका काढायच्या. वधूचं नाव चुकलं तर काय खरं न्हाई." त्या हसल्या. "डोळ्यांना सवय झाली. मला ह्या खुणा दिसतच न्हाईत आता, मराठीच दिसते."

पुढच्या आठवड्यात आम्ही आष्ट्याला गेलो. ताईंचं घर गावाच्या कडेला, पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि त्याच्या शेजारी कॉम्प्युटर. चाळिशी ओलांडलेल्या, चष्मा लावणाऱ्या, बोलण्यात झटपट. मी विचारलं, तो जुना फॉन्ट कुठून मिळवता येणार नाही का. त्या म्हणाल्या, "मिळंल. माझ्याकडंच असंल कुठंतरी. पण मग परत मशीन बदललं की परत हेच. तुमच्या मुलीच्या फोनवर दिसणार न्हाई, कुणाला पाठवता येणार न्हाई. एकदाच सगळं युनिकोडमध्ये करून टाकू. मग कुठंबी उघडा, मराठी ती मराठीच दिसंल."

त्यासाठी त्यांनी एक फुलस्केप वही केली होती. डाव्या बाजूला खूण, उजव्या बाजूला अक्षर. काही अक्षरं दोन खुणांची, काही तीन. आधी मोठी जोडाक्षरं बदलायची, मग लहान, नाहीतर घोटाळा. हे इतपत मला समजलं. पुढचं त्यांनी बोटानं दाखवलं.

"ही पहिली वेलांटी बघा. जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाईप व्हायची, कारण कागदावर ती आधी दिसते. पण बोलताना आपण आधी 'क' म्हणतो आन मग 'इ'. युनिकोड बोलण्याप्रमाणं चालतं. म्हणजे प्रत्येक वेलांटी उचलायची आन अक्षराच्या मागं नेऊन ठेवायची. रफाराचं उलटं. तो मागं पडलेला असतो, त्याला पुढं आणायचा."

"प्रत्येक?"

"प्रत्येक. मशीनला शिकवलंय, ते करतं. पण मशीन चुकतं, म्हणून मी परत सगळं वाचते."

साठ वर्षं मी मराठी लिहीत होतो. वेलांटी दिसते आधी आणि बोलली जाते नंतर, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. लग्नपत्रिका लावता लावता या बाईनं भाषेच्या सांध्यात हात घातला होता. घरचं सगळं उरकून, दुपारच्या मोकळ्या वेळात, त्या माझी पानं एकेक करून वाचत होत्या. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणाला दाखवायचंही नव्हतं.

दीड महिना हे काम चाललं. दर दोन-तीन दिवसांनी फोन यायचा. "काका, इथं एक अक्षर गेलंय. 'ताल' का 'ताळ'?" डिस्कचे जे चार-दोन वाफे गेले होते त्यातले शब्दही ताईंनी पुढच्या-मागच्या ओळींवरून बरेचसे ओळखले. जिथं ओळखता आले नाहीत तिथं बायकोनं आठवून सांगितले. तिनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवले होते, म्हणून तिच्या तोंडात राहिले होते. माझ्या बोटांत काही राहिलं नव्हतं.

एकदा आम्ही आष्ट्याला बसलो होतो. ताई पडद्यावरून मोठ्यानं वाचत होत्या, बायको ताईंनी काढून दिलेल्या नव्या प्रिंटवर चुका टिपत होती. ताईंच्या सासूबाई उंबऱ्याशी शेंगा फोडत होत्या. ताईंनी वाचलं, "वाफसा. पाऊस किंवा पाणी दिल्यावर जमीन ना फार ओली, ना फार कोरडी, अशी मशागतीला योग्य होते ती अवस्था."

सासूबाई शेंगांवरून नजर न काढता म्हणाल्या, "आन माणसाचा?"

मी विचारलं, "माणसाचा म्हणजे?"

"माणसालाबी वाफसा येतो की. आमचं मामंजी लय तापट. काय मागायला गेलं की सासू म्हणायची, आत्ता नगं. अजून चिखल हाय. वाफसा येऊ दे, मग बोल." त्यांनी एक शेंग फोडली. "ह्ये लिवलं न्हाईसा व्हय?"

लिहिलं नव्हतं. ताई थांबल्या, बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात त्या सतरा वह्या चाळायला लागलो. तीस वर्षं मी बांधावर उभा राहून माणसांना शब्द विचारले होते. त्यात एकही बाई नव्हती. भांगलणाऱ्या, तण काढणाऱ्या बायका त्याच रानात, माझ्या समोर वाकलेल्या असायच्या. मी त्यांच्या पलीकडे बघून धन्याला हाक मारायचो. असं ठरवून केलं नव्हतं, आणि म्हणूनच मला ते जास्त खुपलं.

मी ते तसंच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आता इचारा की. आमी कुटं पळून चाललोय."

त्या दिवशी सुपातल्या शेंगा संपेपर्यंत त्यांनी अकरा शब्द सांगितले, काही ओळखीचे पण निराळ्या अर्थाचे. बायकोनं ते कागदावर लिहून घेतले. त्यातले चार मी कधीच ऐकले नव्हते.

शब्दांची फाइल पूर्ण झाली तेव्हा ताईंनी ती ग्रुपवर टाकली. माझ्या फोनवर ती उघडली आणि वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, सगळं जागच्या जागी दिसलं. मुलीनं पुण्याहून फोन केला, ती ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत वाचत होती. सुभेदारांनी ती फाइल पारावर मित्रांना वाचून दाखवली आणि दोन शब्दांवर जोरदार हरकत पाठवली. एका हरकतीत त्यांचं बरोबर होतं. दुसरीवरून आमचं अजून चालू आहे.

ताईंनी मला युनिकोडमध्ये टायपायला शिकवलं. पहिले काही दिवस माझी बोटं वेलांटी आधी मारायची आणि भलतंच उमटायचं. त्या म्हणाल्या, "तोंडानं म्हणा, मग दाबा." मी म्हणत म्हणत टाईप करायला लागलो. आता महिन्यातून दोनदा आम्ही आष्ट्याला जातो. सासूबाईंनी शेजारपाजारच्या बायकांना निरोप धाडलेला असतो. बायको प्रश्न विचारते, कारण ते तिला माझ्यापेक्षा चांगले जमतात. मी कोपऱ्यात बसतो, ओठ हलवत, ऐकू येईल ते उतरवून घेत.